चुकीचं कारण

बरोबर उत्तर लिहायला फार अक्कल लागत नाही, असं फाटेसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले आणि तो माणूस ताईंच्या मनातून तिथंच उतरला. जिनं सव्वीस वर्षं फोनवर बरोबर उत्तरं देण्यात घालवली, तिला कुणी तोंडावर असं सांगितलं तर तिच्या कपाळावर आठी चढणारच. पण माणूस खोटं बोलत नव्हता. टेबलावर बोट आपटत ते म्हणाले, "बरोबर उत्तर एकच असतं, ते कुणीही सांगेल. आपल्याला हवीत चुकीची उत्तरं. तीसुद्धा उचलली आणि टाकली अशी नकोत. प्रत्येक चुकीला कारण पाहिजे. कारण कळलं, की तिथून फाटा फोडता येतो."

फाटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्यांनी उभा जन्म शाळेच्या स्वाध्याय-पुस्तिका करण्यात घालवला होता आणि आता ते कॉम्प्युटरवरचे अभ्यासक्रम बांधत होते. या अभ्यासक्रमाची गंमत अशी, की पहिला प्रश्न सगळ्यांना सारखा आणि पुढची वाट ज्याची त्याची. येत असेल तो सरळ पुढे जातो. अडला, तर कुठं अडला ते मशीन बघतं आणि तेवढाच धडा त्याच्यापुढे ठेवतं. मशीनला हे कळावं म्हणून प्रत्येक चुकीच्या उत्तराला आधीच कारणाची चिठ्ठी लावून ठेवायची. दर दोन वाक्यांनी 'इथं फाटा फुटतो' म्हणणाऱ्या या गृहस्थांचं बारसं ताईंनी तिसऱ्या दिवशी करून टाकलं. चौथ्या दिवशी ते स्वतःच फोन उचलून "फाटे बोलतोय" म्हणाले, तेव्हा ताईंचा राग निम्मा निवळला.

ताई ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधल्या. खुर्ची क्रमांक तीन. लोक घाबरून फोन करायचे, ताई पत्ता काढून घ्यायच्या, टाइप करायच्या, पलीकडच्या टेबलावरून गाडी सुटायची. गेल्या वर्षीच्या तपासणीत डावा कान अधू निघाला. उजवा अगदी ठणठणीत, पण नियमाला दोन्ही लागतात. मग मोठ्या साहेबांनी त्यांना वरच्या मजल्यावर बसवलं आणि नव्या ऑपरेटरांचा अभ्यासक्रम तयार करायला सांगितलं. वरची खोली पूर्वी अडगळीची होती. दोन टेबलं, लाथ मारल्याशिवाय न मिटणारं एक लोखंडी कपाट आणि खिडकीखाली गाड्या धुवायचं अंगण. दिवसभर पाण्याच्या पाइपचा आवाज वर यायचा.

"आयुष्यभर लोकांचं ऐकलंस, घरात माझं एक ऐकलं नाहीस," त्यांचे यजमान म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि बायकोशी बोलतानाही डोळ्याचं भिंग काढायचे नाहीत. "आणि आता म्हणे चुका काढायची नोकरी. म्हणजे घरचाच उद्योग ऑफिसात."

पण ताई कामात रमल्या. माणसं कुठं चुकतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? फोन करणारा 'उजवीकडे वळा' म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या दारात रस्त्याकडे तोंड करून उभा असतो. त्याचा उजवा हात हा गाडीचा डावा. 'शाळेसमोर' म्हणतो, तेव्हा त्याच्या दृष्टीनं जगात एकच शाळा असते. ताई भराभर चुका लिहीत गेल्या आणि फाटेसाहेब त्यांना चिठ्ठ्या लावत गेले. कारणांची यादी त्यांनी आधीच करून ठेवली होती: ऐकू आलं नाही, माहीत नव्हतं, घाई केली, लक्ष नव्हतं. चारच. मशीनला चार पुरेत, असं त्यांचं म्हणणं.

मग आकड्यांचा धडा आला. प्रश्न सोपा होता. हेडफोनमध्ये आवाज येणार, "घर नंबर एकोणसाठ," आणि शिकणाऱ्यानं आकडा टाइप करायचा. बरोबर उत्तर ५९. चुकीच्या उत्तरांत ताईंनी ६९ लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. चारांपैकी एकही कारण तिथं बसेना. शेवटी त्यांनी रकान्यात एकच शब्द लिहिला: एकोण.

"हे काय कारण झालं?" फाटेसाहेबांनी चष्मा वर सारला.

"एकोण म्हणजे एक कमी," ताई म्हणाल्या. "पण हाताला कुठं कमी-जास्त कळतं? कानावर आधी 'एकोण' पडतं, म्हणजे शेवटी नऊ येणार हे हात धरून ठेवतो. मग 'साठ' पडतं. साठ म्हटल्यावर हात सहा दाबतो. सहा आणि नऊ. झालं एकोणसत्तर."

"पण परत म्हणून दाखवायचा नियम आहे ना?"

"म्हणून दाखवताना तोंड बरोबरच म्हणतं. तोंड म्हणतं एकोणसाठ, समोरचा म्हणतो हो, आणि हातानं लिहिलेलं असतं एकोणसत्तर. माणसाला पत्ताच लागत नाही."

फाटेसाहेबांना हे पटलं नाही. ताईंनी त्यांना कीबोर्ड पुढे ओढायला सांगितलं आणि घडाघडा पंधरा आकडे म्हटले. तेरावा होता एकोणऐंशी. फाटेसाहेबांनी ८९ टाइप केलं, पडद्याकडे बघून मान डोलावली आणि मग पुन्हा बघितलं.

"आयला," ते म्हणाले. "एवढी पुस्तकं केली मी मुलांची. ह्या चुकीला आम्ही सरळ 'लक्ष नव्हतं' म्हणायचो. ताई, हे तुम्हाला कुठं सापडलं?"

"बघण्यात आलं होतं," ताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

धडा दोघांनी मिळून नव्यानं बांधला. आकडा परत म्हणताना अंक सुटे म्हणायचे: पाच, नऊ. फाटेसाहेब इतके खूश होते, की त्यांना आता धड्यात खरंखुरं उदाहरण हवं होतं. जुन्या टेपांवरची चार हजार रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरून आली होती. "त्यात एखादं 'एकोण'चं सापडेल बघा," ते म्हणाले. "तारीख-वेळ लावलेलीच आहे."

तारीख ताईंना शोधायची गरज नव्हती.

दहा वर्षांपूर्वीची दुपार. फोनवर एक शाळकरी मुलगी होती. बाबांच्या छातीत दुखतंय म्हणाली. ताईंनी पत्ता घेतला, परत म्हणून दाखवला, फॉर्मवर 'परत म्हणून दाखवला' पुढे खूण केली आणि गाडी सोडली. गाडी त्या रस्त्यावर एकोणसत्तर नंबरला गेली. तिथं एक बंद गोदाम होतं, दाराला कुलूप. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला. कंट्रोल रूममधून घरी फोन लावला तर तो सतत एंगेज, कारण मुलीची आई नातेवाइकांना फोन करत होती. चौदा मिनिटांनी मुलीनं पुन्हा फोन केला, तो दुसऱ्या खुर्चीनं घेतला, त्यात एकोणसाठ नंबर लिहिला गेला. गाडी पोचली तेव्हा मुलीचे बाबा गेले होते. वेळेवर पोचली असती तर वाचले असते का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

चौकशी झाली. नेमक्या त्या महिन्यातल्या टेपा बाहेर दुरुस्तीला गेल्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. समितीपुढे दोन फॉर्म होते. पहिल्यात ६९ आणि परत म्हणून दाखवल्याची खूण, दुसऱ्यात ५९. समितीनं सरळ हिशेब केला, की घाबरलेल्या मुलीनं आधी चुकीचा नंबर सांगितला आणि नंतर बरोबर. ताईंना विचारलं, तुम्ही परत म्हणून दाखवलं होतं का? ताई हो म्हणाल्या. ते खरं होतं. याहून जास्त त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. आतून मात्र काहीतरी सारखं टोचत होतं. फोन ठेवल्यावर कानात राहिलेला शब्द एकोणसाठच होता, अशी शंका त्यांना त्याच संध्याकाळी आली होती. टेप नाही म्हटल्यावर त्या शंकेला पुरावा उरला नाही, आणि खरं सांगायचं तर ताईंना तेव्हा हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्यांना आजवर लाज वाटत आली होती.

पुढे त्या टेपा दुरुस्त होऊन परत आल्या होत्या, तर ते रेकॉर्डिंग आता चार हजारांत होतं आणि ताईंनी त्याला हात लावला नाही. फाटेसाहेबांना सांगितलं, शोधते, वेळ लागेल.

अभ्यासक्रमाच्या चाचणीसाठी चौदा नवी मुलं-मुली आली. नावं नकोत, नाहीतर आपण कुणाला झुकतं माप देऊ, म्हणून फाटेसाहेबांनी सगळ्यांना नंबर दिले. मोठ्या साहेबांनी वर अट घातली: शुक्रवारी दुपारपर्यंत जो सहाव्या धड्याला पोचणार नाही, त्याला रामराम. मंगळवारी बहुतेक जण तिसऱ्या धड्यावर होते. बुधवारी दोघं सहाव्यावर पोचले. फक्त अकरा नंबरची मुलगी आकड्यांच्या धड्यातून बाहेर येईना.

"आश्चर्य बघा," फाटेसाहेब पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "एकही उत्तर चुकलेलं नाही. पण प्रत्येक आकडा तीन-तीनदा ऐकते. आठ सेकंदांच्या वर वेळ गेला की मशीन तिला 'अडली' समजतं आणि पुन्हा पहिल्या फाट्यावर आणून सोडतं. चाळीस वेळा तोच धडा झालाय तिचा."

आठ सेकंदांची अट ताईंनीच सुचवली होती. फोनवर रेंगाळून चालत नाही, हे सव्वीस वर्षांचं शहाणपण.

गुरुवारी सकाळी त्यांनी अकरा नंबरला वर बोलावलं. चोवीस-पंचवीस वर्षांची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"तुझी सगळी उत्तरं बरोबर आहेत," ताई म्हणाल्या. "मग पुन्हा पुन्हा कशाला ऐकतेस?"

"खात्री करून घेते, मॅडम."

"आवाज तर स्वच्छ आहे."

"आवाजाची खात्री आहे. माझीच नाहीये." मुलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्हाला सांगते, मॅडम, तुम्ही वाटलं तर काढून टाका मला. मी एकदा इथंच फोन केला होता. शाळेत होते, चौदा वर्षांची. बाबांच्या छातीत दुखत होतं. मी घराचा नंबर चुकीचा सांगितला. एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर. गाडी भलतीकडे गेली."

खाली कुणीतरी पाइप सोडला होता. पाणी पत्र्यावर पडत होतं. ताईंनी टेबलाची कड धरली.

"तुला आठवतंय, तसं सांगितल्याचं?"

"मला तर एकोणसाठच म्हटल्यासारखं आठवतं. पण ऑफिसचं पत्र आलं होतं ना. चौकशी करून लिहिलेलं. माझं आठवणं काय कामाचं?"

"आई काय म्हणाली?"

"काहीच नाही." मुलगी किंचित हसली, आणि ते हसू बघवेना. "आई एका शब्दानं कधी बोलली नाही. फक्त तेव्हापासून कुणाला पत्ता सांगायचा असला, की माझ्या हातातून फोन काढून घेते. गॅसवाला असो, कुणी असो. त्या दिवसाबद्दल आम्ही घरात बोलतच नाही."

"मग असल्या नोकरीत आलीस कशाला?"

"माझ्यासारखं कुणी घाबरून चुकीचं सांगितलं, तर पलीकडच्या माणसाला पकडता यायला हवं ना, मॅडम? त्या दिवशीच्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांनी परत म्हणूनसुद्धा दाखवलं होतं म्हणे."

बोलायची वेळ होती ती हीच. मुलगी समोर होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि सव्वीस वर्षं परक्या माणसांना धीर देणाऱ्या या बाईच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"जेवून घे जा," त्या म्हणाल्या. "बघू."

मुलगी गेल्यावर त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. मनात जे आलं ते काही शोभणारं नव्हतं, पण आलं. उद्या शुक्रवार. मुलगी सहाव्या धड्याला पोचत नव्हती. मशीन तिला आपण होऊन दाराबाहेर काढणार होतं. ताईंनी बोटही उचलायची गरज नव्हती. मुलगी घरी जाईल, आणखी एक गोष्ट आपल्याला जमली नाही असं म्हणेल, आणि पुन्हा ताईंच्या समोर यायची नाही. सगळं नियमानं होईल. मागच्या वेळीही सगळं नियमानंच झालं होतं.

हे डोक्यात आलं आणि ताईंना स्वतःची शिसारी आली. त्यांनी हेडफोन ओढला, उजव्या कानावर नीट बसवला आणि ती तारीख उघडली.

रेकॉर्डिंग सव्वा मिनिटाचं होतं. धापा टाकणारा कोवळा आवाज. मग स्वतःचा, दहा वर्षांनी तरुण, आत्मविश्वासानं भरलेला: "शांत हो बाळा. पत्ता सांग." रस्ता. मग, "घर नंबर?" "एकोणसाठ." "एकोणसाठ. बरोबर?" "हो, एकोणसाठ." आणि त्यामागोमाग कीबोर्डवर दोन बोटं पडल्याचा आवाज, टक टक. त्या दोन ठोक्यांत एक माणूस गेला होता आणि एका मुलीचं सगळं पुढचं आयुष्य वाकडं झालं होतं. नंतर मागून एका पुरुषाचा थकलेला आवाज आला, "दार उघडं ठेव गं. लांबून दिसलं पाहिजे त्यांना." मुलगी म्हणाली, "हो बाबा." तिथं फोन संपला.

घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमानांनी भिंग काढलं. संसारात हे फारच थोड्या वेळा झालं होतं. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "मला कशाला सांगतेस? मी तुला माफ केलं काय नि न केलं काय. ज्या घरी पत्र गेलं, तिथं सांग."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे ना. दोघं मिळून घड्याळं उघडू."

त्यावर ताई हसल्या आणि हसता हसता रडल्या. यजमान उठून पाणी घेऊन आले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दोन कामं केली. आधी फाटेसाहेबांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी ते एकदा ऐकलं, काही विचारलं नाही, आणि आठ सेकंदांची अट काढून टाकली. "बरोबर उत्तर देणाऱ्याला मशीन अडलेला समजत असेल, तर चूक आपली आहे," ते म्हणाले. "मी अकरा नंबरला पुढच्या वाटेवर सोडतो. पण ताई, हे रेकॉर्डिंग धड्यात घालायचं नाही. मी दुसरं शोधीन." या माणसाबद्दल पहिल्या दिवशी आपल्याला काय वाटलं होतं, ते आठवून ताई वरमल्या.

मग त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि लेखी कबुली त्यांच्यापुढे ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली.

"दहा वर्षांनी हे उकरून काढायचं? समिती झाली, निकाल लागला, त्या घरच्यांनी तक्रारही केली नाही."

"ते कशाला तक्रार करतील? चूक त्यांची आहे असं आपणच त्यांना कळवलंय," ताई म्हणाल्या. "ते पत्र मागे घ्या, साहेब. आणि त्यांना दुसरं द्या. माझं काय करायचं ते सावकाश ठरवा."

साहेबांनी दोनदा पेनाचं टोपण उघडून मिटलं. शेवटी म्हणाले, पत्राचा मसुदा दुपारपर्यंत आणून द्या, सही करतो. ताई पायऱ्या चढून वर आल्या आणि त्यांनी अकरा नंबरला बोलावणं पाठवलं.

मुलगी आली ती पिशवी घेऊनच. आपल्याला काढलंय, अशी तिची खात्री होती.

"बस," ताई म्हणाल्या. "तुला काढलेलं नाही. त्याच्यासाठी बोलावलंही नाही. मी सांगते ते आधी ऐकून घे, मग मला काय बोलायचं ते बोल." त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले होते. "त्या दिवशी तीन नंबरच्या खुर्चीवर मी होते. तुझा फोन मी घेतला. तू एकोणसाठ म्हणालीस. मीही एकोणसाठच म्हणाले. आणि लिहिलं एकोणसत्तर. तू चुकली नव्हतीस. चूक माझी होती. टेप सापडलीय. ऐक."

ताईंनीच उठून हेडफोन तिच्या कानांवर ठेवला आणि बटण दाबलं.

सव्वा मिनिट झालं. मुलीनं हात पुढे करून पुन्हा लावलं. पुन्हा. चौथ्यांदा तिनं ते मधूनच लावलं, अगदी शेवटाकडून, आणि ताईंना कळलं, की आता ती नंबर ऐकत नाहीये.

"दार उघडंच ठेवलं होतं मी," हेडफोन काढून ती म्हणाली. "लोक गोळा झाले, कुणीतरी मिटायला गेलं, मी मिटू दिलं नाही." मग तिनं डोळे पुसले, आणि आवाज एकदम बदलला. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

काल दुपारपासून, असं म्हणता आलं असतं. तेही खरंच होतं.

"टेप काल ऐकली," ताई म्हणाल्या. "मनातून मात्र त्याच दिवसापासून माहीत होतं. बोलायचं धाडस झालं नाही."

"त्याच दिवसापासून."

"हो."

"मी दहावीत गणिताचा पेपर कोरा ठेवून आले, मॅडम. आकडे लिहायला हात धजावेना. आईनं माझ्याकडे..." तिनं वाक्य तोडलं. तिला राग आवरेना. ताईंनी मान खाली घातली नाही. एवढं तरी आपण तिचं देणं लागतो, असं त्यांना वाटलं. तिनं जे काही म्हटलं असतं ते त्या ऐकून घेणार होत्या. मुलीनं पिशवीतून फोन काढला, एक नंबर लावला आणि तो वाजत असतानाच ताईंच्या पुढे धरला.

"आईला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलेलं तिला खरं वाटणार नाही."

ताईंनी फोन उजव्या कानाला लावला. पलीकडे एक बाई "बोल गं" म्हणाल्या. ताईंनी आपण कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, काही न गाळता, काही न सजवता. एकोणसाठ कुणी म्हटलं आणि एकोणसत्तर कुणी लिहिलं. पत्र कसं गेलं. टेप आज आपल्यापुढे आहे.

"मी शेजारीच उभी होते हो तिच्या," आई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता, की ताईंना पुढे वाकावं लागलं. "एकोणसाठ म्हणाली ती. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं."

ताईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"पण पत्र आलं. वर शिक्का, खाली सही. मला वाटलं, मीच काहीतरी भलतं ऐकलं असेन, त्या दिवशी मला कुठं शुद्ध होती. कागद खरा मानला मी. माझ्या लेकरापेक्षा तुमचा कागद खरा मानला." त्या थांबल्या. "तुम्हाला काय म्हणायचं ते मी नंतर म्हणेन, बाई. आत्ता नाही. ती आहे का तिथं? तिच्याकडे द्या."

ताईंनी फोन पुढे केला. मुलगी घेईना. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. ताईंनी फोन टेबलावर, तिच्यासमोर ठेवला आणि त्या दाराकडे वळल्या. पलीकडचा आवाज आता इतका चढला होता, की तो खोलीभर ऐकू येत होता.

"ऐकतेयस ना गं? काय काय झालं त्या दिवशी, ते सांग मला. मी कधी विचारलंच नाही तुला. पहिल्यापासून सांग."

मुलीनं फोन उचलला. ताई बाहेर आल्या. दार ओढून घेताना त्यांना ऐकू आलं.

"मी शाळेतून नुकतीच आले होते," मुलगी सांगत होती. "बाबा खुर्चीत बसले होते."